तारीख कळली की झोप लागते

नोकरीत असताना चित्र पाठवलं की काम संपायचं. आता फ्रीलान्स, म्हणजे स्वतंत्रपणे काम करताना, चित्र पाठवलं की कामाचा दुसरा भाग सुरू होतो, आणि कित्येकदा तो चित्र काढण्यापेक्षा जास्त दिवस चालतो. आधी व्हेंडर फॉर्म भरायचा. त्याला पॅन कार्ड आणि रद्द केलेला चेक जोडायचा. आपली उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत आहे, म्हणून जीएसटी नंबर नाही, असं सही करून लिहून द्यायचं. मग पीओ नंबर, म्हणजे कंपनीच्या खरेदी-ऑर्डरचा नंबर, यायची वाट बघायची, कारण बिलावर तो नसेल तर अकाउंट्समधून बिल परत येतं. नंबर आला की बिल पाठवायचं. त्यानंतर पंधरा-वीस दिवस काहीच कळत नाही. मग आपणच रिमाइंडर टाकायचा, तोही अशा भाषेत की समोरच्याला टोचता कामा नये. उत्तर येतं, ‘पेमेंट प्रोसेसमध्ये आहे.’

मी चित्रकार आहे. मुलांची पुस्तकं, दिवाळी अंक, अधूनमधून एखाद्या संस्थेसाठी आरोग्याची किंवा पाण्याची पोस्टरं, असं माझं काम. त्याआधी बरीच वर्षं लोअर परळच्या एका जाहिरात एजन्सीत पगारी आर्टिस्ट होते. दोन्हीकडचं पाणी प्यायलेय, म्हणून ‘नोकरी बरी की फ्रीलान्स बरं’ ही चर्चा मनःस्वास्थ्यावर आली की मला गप्प बसवत नाही. कारण ती फार लवकर स्वभावावर घसरते. तुझा पिंड फ्रीलान्सचा आहे का बघ. अनिश्चितता झेपायला हवी. सकाळी अर्धा तास प्राणायाम कर. प्राणायाम मीही करते आणि त्याने बरं वाटतं. पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलावंताची झोप बरीचशी दुसऱ्या कुणाच्या तरी अकाउंट्स विभागात ठरते, आणि ही गोष्ट या चर्चेत कुणी उच्चारतच नाही.

एजन्सीच्या वर्षांविषयी मी कडू बोलणार नाही. डोंबिवलीहून दादर, दादरहून गाडी बदलून लोअर परळ, हा रोजचा प्रवास अंगावर यायचा. पण ऑफिसात शिरलं की आजूबाजूला चित्रं काढणारी माणसं असायची. एकदा एका पिठाच्या जाहिरातीसाठी मी आजी काढत होते. आजी नातवाचा गृहपाठ तपासतेय, असं दृश्य. काहीतरी खटकत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. आमचे सीनियर चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “अगं, हिला जवळचा चष्मा आहे ना? मग वहीकडे बघताना ती चष्म्यातून बघेल आणि पोराकडे बघताना चष्म्यावरून. हनुवटी खाली घे.” हनुवटी जराशी खाली घेतली, त्याबरोबर भुवया वर गेल्या, कपाळावर दोन आठ्या आल्या, आणि ती बाई एकदम कुणाच्या तरी घरातली आजी झाली. घरी एकटीने बसून त्या चित्राशी मी अख्खी दुपार झगडले असते.

फ्रीलान्समधला एकटेपणा म्हणतात तो मला याच रूपात जाणवतो. गप्पा मारायला माणसं मिळतात. मागे उभं राहून ‘हनुवटी खाली घे’ म्हणणारं मात्र घरात कुणी नसतं.

पगाराच्या बरोबरीने इतरही बरंच काही मिळत होतं आणि तेव्हा ते गृहीत धरलं होतं. पीएफ कापला जायचा, त्यात कंपनी आपला वाटा घालायची. पाच वर्षं भरली तशी ग्रॅच्युइटी लागू झाली. आईबाबा कंपनीच्या मेडिक्लेममध्ये होते. बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी हॉस्पिटलच्या काउंटरवर मी ते कार्ड ठेवलं आणि त्यानंतर मला फक्त बाबांची काळजी करायची होती, पैशांची नाही. त्या दिवसाची किंमत मला आज नेमकी कळते, कारण आता दोघांच्या पॉलिसीचा हप्ता मीच भरते आणि त्यांचं वय पाहून विमा कंपन्या काय आकडे सांगतात ते माझ्यासमोर असतं.

तरीही त्या नोकरीने मला आजारी पाडलं होतं. हेही तितकंच खरं आहे आणि ते पगाराच्या स्लिपमागे लपवून चालणार नाही. ऑगस्टमध्ये दिवाळीच्या कँपेनची कामं सुरू व्हायची. शुक्रवारी संध्याकाळी ब्रीफ यायचं, सोमवारी सकाळी प्रेझेंटेशन. बुधवारी मंजूर झालेलं चित्र गुरुवारी नामंजूर व्हायचं, कारण मधल्या वेळात ते आणखी कुणीतरी पाहिलेलं असायचं. कोणी पाहिलं, काय आवडलं नाही, हे आमच्यापर्यंत यायचंच नाही. ‘वरून आलंय’ एवढंच. रात्री दीडला कॅबने घरी जायचं, सकाळी पुन्हा तीच लोकल. डोकं दुखणं रोजचं झालं होतं. रविवारी दुपारी जेवण झालं की पोटात खड्डा पडायचा. डॉक्टरांनी बी-१२ आणि थायरॉइड तपासलं, दोन्ही ठीक निघालं.

रॉबर्ट कारासेक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडलेला विचार नंतर वाचनात आला, तेव्हा त्या रविवारच्या दुपारी काय होत होतं ते उमगलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस नुसत्या कामाच्या ओझ्याने मोडत नाही. ओझं भरपूर आहे आणि ते कसं, कधी, कुठल्या क्रमाने उचलायचं यात आपलं काही चालत नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ताण शरीरात उतरतो. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून एक मोठा अभ्यास चालत आला आहे, व्हाइटहॉल-२ नावाचा. ज्यांचा आपल्या कामावर ताबा कमी, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसून आलं. ही सगळी पक्क्या नोकरीतली माणसं होती. पगार वेळेवर, पेन्शन ठरलेली. म्हणजे एक तारखेला पैसे जमा होणं हे स्वास्थ्यासाठी पुरेसं नाही, याला याहून ठोस पुरावा काय हवा?

मग याच न्यायाने माझं आता उत्तम चालायला हवं. सकाळी उजेड चांगला असतो तेव्हा मी रंगाचं काम करते, जेवणानंतर स्कॅनिंग आणि फाइली. पुस्तकातल्या गावाची विहीर कुठल्या पानावर दाखवायची हे संपादक आणि मी मिळून ठरवतो. लेखी ठरवून घेतलं तर चित्राचे हक्कही माझ्याकडे राहू शकतात. नोकरीत काढलेलं चित्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, मालकाचं असतं. ती चष्म्यावरून बघणारी आजी कायद्याने माझी नाही. डोकेदुखी नोकरी सोडल्यावर काही आठवड्यांत गेली आणि पुन्हा आली नाही.

पण ताण गेला नाही, त्याने जागा बदलली. कारासेकचा तो ताबा मला कामावर मिळाला, कामाच्या मोबदल्यावर मिळाला नाही. चित्र पाठवून झाल्यावर जे काही घडतं त्यात माझं काही चालत नाही. नोकरीत तास माझे नव्हते, तारीख माझी होती. आता तास माझे आहेत.

आपल्याकडच्या कलावंतांनी हे सगळं पूर्वीच भोगलेलं आहे. जुन्या नाटक मंडळ्या म्हणजे फिरतं बिऱ्हाडच. नट, गवई, तबलजी, पडदे रंगवणारे, आचारी, सगळ्यांची जेवणखाण आणि पगार कंपनीकडे. सिनेमा आला तेव्हा तीच पद्धत स्टुडिओत गेली. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. तिथे नटांपासून सुतारांपर्यंत माणसं महिन्याच्या पगारावर असत. (आजची एफटीआयआय, म्हणजे सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था, त्याच जागेवर उभी आहे.) भागीदारांपैकी फत्तेलाल हे स्वतः चित्रकार आणि कलादिग्दर्शक, त्यामुळे चित्रकाराला कंपनीत काय मान असेल याचा मी नेहमी हेव्याने विचार करते. त्याच काळात दुर्गा खोटे यांनी मात्र एका कंपनीला बांधून न घेता काम केलं. १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त त्या तारामती झाल्या, आणि पुढे कलकत्त्याच्या कंपन्यांतही त्यांनी कामं केली. त्या वेळच्या स्टुडिओंच्या रीतीत हे फार धीराचं होतं. त्यांच्या या मोकळेपणाचं कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं. पण घरची परिस्थिती पालटलेली आणि दोन लहान मुलं पदरात, अशा अवस्थेत त्या सिनेमात आल्या होत्या, हेही सोबत सांगायला हवं. स्वातंत्र्य आणि गरज या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या एकाच निर्णयात असू शकतात. आज नोकरी सोडणाऱ्या कितीतरी जणींच्या बाबतीत तसंच असतं. मूल झाल्यावर ऑफिसचे तास जमेनात म्हणून घरून काम सुरू केलेल्या मैत्रिणीला ‘तुझं बरंय, मोकळी आहेस’ असं म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

मंडळ्या गेल्या आणि नाटकात ‘नाइट’ आली. प्रयोग झाला तर त्या प्रयोगाचे पैसे, नाही झाला तर नाही. आमच्या सोसायटीत एक काका राहतात. नाटकांच्या दौऱ्यांवर लाइट्स सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली. मधे काही महिने निम्म्या खुर्च्यांवर परवानगी मिळाली, पुन्हा बंदी आली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला महाराष्ट्रातली नाट्यगृहं परत उघडली. त्या काळात नटमंडळींनी वर्गणी काढून पडद्यामागच्या माणसांना मदत केली, किराणा पोचवला. काकांना ती मदत मिळाली आणि त्यांनी ती मानाने घेतली. पण ते मला एकदा जिन्यात म्हणाले, “पोरी, दोन वर्षं बंद राहणार असं पहिल्या दिवशी सांगितलं असतं ना, तर मी दुसरं काहीतरी बघितलं असतं. पंधरा दिवस, अजून पंधरा दिवस, यात माणूस संपतो.”

त्यांचं ते वाक्य मी माझ्या कामाला लावून पाहिलं आणि ते जसंच्या तसं लागू पडलं. कमी पैशांनी मला कधी रात्रभर जागवलेलं नाही. उशिरानेही नाही, जर तो किती हे आधी माहीत असेल तर. मालिकांच्या धंद्यात लेखकाला नव्वद दिवसांनी पैसे मिळायची रीत आहे. ती रीत वाईटच आहे, ती बदलायला हवी. तरी माझी एक मैत्रीण रोजच्या मालिकेचे संवाद लिहिते, ती त्या नव्वद दिवसांवर घरभाड्याचं गणित बसवते. तिची झोप उडते ती एक्याण्णवाव्या दिवशी, जेव्हा फोन उचलणारं कुणी नसतं.

दिवाळी अंकांचंच घ्या. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आलेली आहे, आणि आम्हा चित्रकारांसाठी आषाढ-श्रावण हा त्या कामाचा हंगाम. बाहेर पाऊस कोसळत असताना टेबलावर पणत्या आणि फराळाची ताटं असतात. कथा हातात आली की ती पूर्ण वाचून मगच रफ, म्हणजे कच्चं रेखाटन, काढायचं, हा माझा नेम आहे. एका कथेत नवरा वारलेली बाई भाऊबीजेला माहेरी जात नाही, भाऊच तिच्याकडे येतो, असा प्रसंग होता. मी ओवाळणीचं ताट काढलं नाही. भावाच्या चपला काढल्या, दाराबाहेर, चिखलाने भरलेल्या, कारण कथेत तो एसटी चुकल्यामुळे शेतातून चालत आलेला असतो. लेखिकेने फोन करून सांगितलं की चपला बघून तिला रडू आलं. अशा फोनवर महिनाभर उत्साह टिकतो. या कामाचं मानधन थोडं असतं आणि बऱ्याचदा दिवाळी होऊन गेल्यावर मिळतं. पण एक संपादक आहेत, अंक ते आणि त्यांची पत्नी असे दोघंच काढतात. ते दरवर्षी चित्रं मागतानाच सांगतात, “ताई, जाहिरातीचे पैसे मला नोव्हेंबरअखेर येतात. तुमचे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देतो.” आणि देतात. त्यांच्या पैशांची मी कधी काळजी केली नाही. याउलट चकचकीत ऑफिस, हजारभर कर्मचारी, दिमतीला एचआरचं वेलनेस सत्र, अशा कंपनीच्या बिलापायी मी पहाटे तीनला उठून बँकेचं अ‍ॅप उघडलेलं आहे.

आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. तिला ही भानगडच कळत नाही. “काम तर झालं ना तुझं? त्यांना आवडलं ना? मग पैसे का नाहीत?” ती विचारते. मी तिला पीओ नंबर, पेमेंट सायकल, साहेबांची सही वगैरे सांगते. ती ऐकून घेते आणि म्हणते, “पण तुझं काम तर झालं ना?” तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि खरं तर ते माझ्याकडे असायची गरजही नाही.

कायद्याकडे ते आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो, की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली तर लेखी करारातल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ही मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. घरातल्या टेबलावर चित्रं काढणारी बाईसुद्धा ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करून या व्याख्येत बसू शकते. नोंदणी ऑनलाइन होते आणि तिला फी नाही. १ एप्रिल २०२४ पासून आयकराचा नियमही याला जोडला गेला आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च कंपनीला त्या वर्षाच्या हिशेबात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी दाखवावा लागतो. तेव्हापासून मार्च जवळ आला की काही कंपन्यांतून आपणहून मेल येते, ‘तुमचा उद्यम नंबर कळवा.’ वर्षभर प्रोसेसमध्ये अडकलेले पैसे मार्चमध्ये मोकळे होऊ शकतात, तर ते ऑगस्टमध्येही होऊ शकले असते.

मग सगळे हा कायदा का वापरत नाहीत? मी बिलाच्या तळाशी उद्यम नंबर आणि देय तारीख छापायला लागले, तेव्हा एका कंपनीतल्या ओळखीच्या मुलीचा फोन आला. चांगली मुलगी, माझ्या कामावर जीव असलेली. “ताई, हे लिहायलाच हवं का? इकडे म्हणतायत की यांच्याबरोबर काम करणं अवघड दिसतंय.” फ्रीलान्सरच्या ताणाचं मूळ मला त्या फोनमध्ये दिसतं. हक्क आहे, तो मागितला तर पुढचं काम जाईल. म्हणून माणूस गोड बोलत राहतो, रिमाइंडरमध्ये हसऱ्या चेहऱ्याचा इमोजी टाकतो, आणि तो राग खांद्यात, मानेत, जबड्यात जाऊन बसतो. मी तो मजकूर काढला नाही. त्या कंपनीचं पुढचं काम आलं नाही. त्याचं वाईट वाटलं, कारण काम खरोखर सुंदर होतं, आदिवासी पाड्यांवरच्या शाळांसाठीचं. पण तेव्हापासून माझा जबडा रात्री आवळलेला नसतो, आणि हा सौदा मला मंजूर आहे.

एकटीने हे निभणं कठीणच. आमचा चित्रकारांचा एक लहानसा गट आहे, ठाणे-डोंबिवली-पुण्याचा. कोण किती दर घेतं हे तिथे मोकळेपणाने सांगायचं, एवढाच मूळ नियम. दर लपवण्याची सवय आपल्यात फार, आणि तिचा फायदा नेहमी दुसऱ्या बाजूला होतो. आता तिथे कोण वेळेवर पैसे देतं हेही सांगितलं जातं. निम्मी रक्कम आगाऊ घ्यायची हे नव्या मुलांना तिथेच शिकवलं जातं, आणि रफ पाठवलं की कुणीतरी ‘मान वळव’, ‘हात लांब झालाय’ असं पटकन सांगतं. लोअर परळच्या त्या चहाच्या कपाची जागा काही अंशी या गटाने भरून काढलीय.

गेल्या आठवड्यात याच गटातल्या एका धाकट्या मुलीने फोन केला. एका गेमिंग स्टुडिओत कॅरेक्टर डिझाइन करते, कंटाळलीय, सोडू का विचारत होती. तिचा पिंड कसा आहे ते मी विचारलं नाही. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलंय का, कंपनीचा मेडिक्लेम आईवडिलांना लागू आहे का, भाडं किती, आणि जी तीन कामं मिळतील असं तिला वाटतंय ती माणसं पैसे कधी देतात, हे विचारलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत आहे. तर मग जानेवारीपर्यंत नोकरी, आणि मधल्या शनिवार-रविवारी एक मुलांचं पुस्तक, असं आमचं ठरलं. फक्त ऑफिसबाहेर केलेल्या चित्रांवरही कंपनी हक्क सांगते का, हे तिच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये बघायला हवं. ते लेटर घेऊन ती रविवारी घरी येतेय, आणि गटातल्या एकीची वकील बहीणही यायला तयार झालीय.